जुलैत वाळेल तोच लंगोट

तुझा प्रश्न मला समजला तो असा. बाळ चार महिन्यांचं, वजन सहा किलोच्या आसपास. दिवसाला सात डायपर, महिन्याला चोवीसशे रुपये. नवरा मुंबईत, देवगडजवळच्या गावात तू, सासूबाई आणि विहीर. साडेचारशेला एक असे तीन धुवायचे डायपर ऑनलाइन मागवलेस, तिन्ही पहिल्याच दिवशी गळले. सासूबाईंचं म्हणणं, “आमच्या वेळार खय होती ही डायपरां? जुन्या लुगड्यार चार पोरां वाडली.” त्यात मिरग तीन आठवड्यांवर आलाय. कापडावर गेलं तर खरंच पैसे वाचतील, की सगळं ओलंच राहून पुन्हा दुकानातच जावं लागेल? शिवाय जांघेत थोडं लाल झालंय, त्याचं काय?

मी सव्वीस वर्षं आरोग्यसेविका होते, कणकवली आणि देवगड तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर. बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळ तपासायचं म्हटलं की लंगोट बघावाच लागतो, त्यामुळे हजारभर घरांतल्या दोऱ्या बघून झाल्यात. निवृत्त झाल्यावर नातीचे लंगोट स्वतः धुतले, तेव्हा आधी दिलेले निम्मे सल्ले चुकीचे होते हे कळलं. माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगंतुगं करते.

कापड स्वस्त पडतं यात वाद नाही. अडचण दुसरीच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पाणी नसतं आणि जुलैत ऊन नसतं. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. व्हिडिओत कोणीतरी गच्चीवर रंगीत डायपर ओळीने वाळत घातलेले दाखवते, ते बघून आपण मागवतो, आणि आपल्या पडवीत त्यातलं जाड पॅड तिसऱ्या दिवशीही दमटच. म्हणून कोकणात लंगोट निवडताना मी एकच बघते, तो वाळतो किती लवकर. किती शोषतो हे त्यानंतर.

काही गोष्टी तुझ्या घरावर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. मशीन आहे का? साधी सेमी-ऑटोमॅटिक असली तरी तिचा स्पिनर सोन्याचा. धुणार कोण? सिझेरियन झालंय, कंबर धरते आणि वाकून धुणारी तू एकटीच, तर दोन हजार वाचवायला स्वतःची कंबर मोडू नकोस. आईचे कष्ट फुकट धरून केलेला हिशोब बरोबर नसतो. जुलैत सासूबाई लावणीला जाणार असतील तर घरातला एक हात कमी होणार, तेही धर. पुढचं सगळं मी घरी स्पिनर आहे आणि दोघी मिळून धुताय असं समजून लिहिते.

आधी ते तीन गळके डायपर. ते फुकट गेलेले नाहीत. नवीन सुती किंवा बांबूचं पॅड पहिल्या दिवशी पाणी पीतच नाही. कापडात मूळचं तेलकटपण असतं, ते पाच-सहा धुण्यांनंतर जातं. खात्री करायची तर पॅडवर चमचाभर पाणी ओत. थेंब मोत्यासारखा वर बसला तर ते अजून तयार नाही, लगेच आत गेला तर तयार. दुसरं कारण खोबरेल. आपण बाळाला रोज चोळून तेल लावतो आणि त्याच मांड्यांवर डायपर चढवतो. तेल कापडात मुरलं की कापड लघवी ढकलून देतं. झिंकच्या मलमाचंही तेच. आंघोळीआधी मालिश करायची, आंघोळीत तेल निघू द्यायचं आणि मगच लंगोट. मलम लावायचंच असेल तर मध्ये जुन्या मलमलीची एक पट्टी ठेवायची. आणि कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी शेवटच्या खळबळण्यात घालत असशील तर आजच बंद कर, त्यानेही कापडावर थर बसतो.

तिसरं कारण सवयीचं. विकतच्या डायपरमध्ये एक पूड असते, ती लघवी शोषून तिची जेली करून धरून ठेवते. बाळ त्यावर बसलं तरी बाहेर येत नाही. कापड नुसतं शोषतं, धरून ठेवत नाही. दाबलं की सोडतं. डायपर चार तास ठेवायची सवय लागलेली असते, तेवढाच वेळ कापड ठेवलं तर गळणारच. कापडाला दोन, फार तर अडीच तास.

आता काय घ्यायचं. माझं स्पष्ट मत, आणखी महागडे काही मागवू नकोस. सगळं एकत्र शिवलेले जाड डायपर कोकणात दिवाळीनंतर बरे, पावसात नाहीत. आपल्याला हवं एकपदरी कापड. सासूबाईंचं लुगडं इथे खरंच जिंकतं, फक्त ते सुती हवं. हल्ली कपाटातल्या निम्म्या ‘कॉटन’ साड्यांत धागा भलताच असतो. काठाचा एक दोरा काढून काडी लाव. सुती दोरा जळून राख होतो, कागद जळल्यासारखा वास येतो. वितळून कडक मणी झाला तर ती साडी बाजूला. साडेपाच मीटरच्या पाचवारीतून पाऊण मीटरचे सात चौकोन निघतात, आणि रुंदीतून उरलेली लांब पट्टी घड्या घालून आत ठेवायला होते. तीन साड्यांत एकवीस लंगोट, आणि त्या पट्ट्या वेगळ्या. कडा शिवायच्या असतील तर एकेरी शिव. दुमडून जाड शिवण घातलीस तर सगळा लंगोट वाळतो आणि शिवण ओली राहते. दिवसाला आठ लागतील. उन्हाळ्या-हिवाळ्यात चोवीस पुरतात, पावसासाठी छत्तीस कर.

वरून बांधायला कव्हर. आपल्या लहानपणी प्लास्टिकच्या चड्ड्या असत, त्या घामाने अंग उबवत. आताचं कव्हर पातळ कापडाला आतून पाणी न जाणारा पडदा चिकटवलेलं असतं. तुझ्या तीन डायपरमधलं पॅड काढून त्या खिशात घडी घातलेला लंगोट सरकवलास की काम झालं. आणखी तीन साधी कव्हरं घे, तीनशे-साडेतीनशेला एक मिळतं. साध्या कव्हरला शी लागलेली नसेल तर ते पुसून दोन-तीन बदल्यांना चालतं, दर वेळी धुवायला नको. मांडीभोवतीचं इलॅस्टिक नीट बसतंय का, लंगोटाची कड बाहेर डोकावत नाही ना, एवढं बघ. कड बाहेर राहिली तर ती वातीसारखी सगळं ओढून झबल्यात सोडते.

या कव्हरांना उकळत्या पाण्यात घालू नकोस. हे मी पुस्तकातून सांगत नाही. नातीच्या वेळी जुनी आरोग्यसेविका अंगात आली आणि मी लंगोटांबरोबर दोन कव्हरंही तांब्याच्या हंड्यात चुलीवर उकळली. बाहेर काढली तर आतला पडदा भाजलेल्या पापडासारखा फुगून सुटला होता. सून काही बोलली नाही. तिचं न बोलणंच मला जास्त लागलं. सुती लंगोट उकळायला हरकत नाही. कव्हराला हाताला सोसेल इतकंच गरम पाणी, आणि इस्त्री तर अजिबात नाही.

धुण्याचं फारसं तंत्र नाही. लघवीचा लंगोट लगेच साध्या पाण्यातून काढून पिळून जाळीच्या टोपलीत टाकायचा. शीचा असेल तर शी संडासात झटकून, वाहत्या पाण्याखाली मागच्या बाजूने धार सोडायची. नुसत्या अंगावरच्या दुधावरच्या बाळाची शी पाण्याने सहज सुटते. वरचं खाणं सुरू झालं की मेहनत वाढते, हे आत्ताच सांगून ठेवते. दिवसभराचे एकदम साबणाने, दोन पाण्यांतून खळबळून. बादलीत रात्रभर भिजत ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती नको. लघवीचा उग्र वास कापडात बसतो, आणि चार महिन्यांनी बाळ रांगायला लागलं की पाण्याने भरलेली बादली ही घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू. जंतुनाशकाचं टोपणही नको. ते नीट निघालं नाही तर कातडीला झोंबतं, आणि मग आपण दोष कापडाला देतो.

जुलैचं बघू. नातीच्या पहिल्या पावसात मी सगळे लंगोट पडवीत दोरीवर दुमडून टाकले होते, आपण साडी टाकतो तसे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला सुके लागले. नाकाशी नेले तर कुबट. दोरीला टेकलेली घडी आतून ओलीच होती, आणि कापड जितका वेळ ओलं तितके जंतू त्यात वाढतात, तो वास त्यांचाच. तेव्हापासून मी दोरीवर घडी पडू देत नाही. दोन कोपरे चिमट्यांनी धरून लंगोट पताकेसारखा लोंबता ठेवायचा, दोन दोऱ्यांत हातभर अंतर, वर पंखा. त्याआधी स्पिनरमध्ये दोनदा फिरवायचे, मध्ये एकदा काढून मोकळे करून. हे केलं तर पातळ मलमल भर पावसातही सकाळची संध्याकाळपर्यंत येते. शेवटचा दमटपणा इस्त्रीने काढायचा, वीज असेल तर. नसेल तर स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला, पण धुरात नाही. निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून त्यावर बाळाचे कपडे वाळवायची जुनी रीत सासूबाई काढतील. ऊब चांगली, धूर वाईट. तो बाळाच्या छातीत जातो. शेगडी निखाऱ्याची असली तरी बंद खोलीत नको आणि बाळ त्या खोलीत नको.

सुकलं की नाही हे बोटांनी कळत नाही. लंगोट गालाला लाव. गार लागला तर अजून ओला आहे.

मे महिन्यात उलट होतं. विहीर तळाला जाते, खाडीकडच्या विहिरी मचूळ होतात, साबणाला फेस येत नाही. या दिवसांत बाळाच्या आंघोळीचं पाणी धरून लघवीच्या लंगोटांचं पहिलं पाणी त्यातच काढायचं, साबण नेहमीपेक्षा कमी, आणि शेवटचं खळबळणं मात्र गोड्या पाण्यात. टँकरवर दिवस काढावे लागले तर आठवडाभर सरळ डायपर वापर, त्यात हरल्यासारखं काही नाही.

कारण डायपर पूर्ण बंद कर असं मी म्हणतच नाहीये. रात्री एक लाव. बाळ झोपलं, आईही झोपली. त्या एका डायपरचे साडेअकरा रुपये मला कधी महाग वाटले नाहीत. दवाखाना, लग्न, मुंबईची गाडी, तिथेही डायपरच. गणपतीत घरात पंचवीस माणसं असताना न्हाणीसमोर लंगोटांची रांग कोण लावणार?

हिशोब असा पडतो. आत्ता दिवसाला सात म्हणजे महिन्याला २१०, साडेअकराच्या भावाने सुमारे २४०० रुपये. रात्रीचा एक आणि अडीअडचणीचे दहा धरून महिन्याला ४०, म्हणजे ४६० रुपये. पावसात दिवसाला तीन लागले तरी ९०, म्हणजे हजाराच्या थोडं वर. साबण-विजेचे दीडशे-दोनशे वजा केले तरी एरवी सतराशे-अठराशे आणि पावसात बाराशेच्या आसपास हातात राहतात. तीन कव्हरांचे हजार रुपये पहिल्याच महिन्यात सुटतात. मात्र ‘दोन वर्षांत अर्धा लाख वाचतो’ वगैरे जाहिरातीत लिहितात, त्यावर जाऊ नकोस. बाळ मोठं होईल तसे दिवसाचे डायपर आपोआपच कमी होतात.

जे डायपर घ्यायचे तेही जरा बघून घे. पाकिटाची किंमत बघायची नाही, एका नगाची काढायची. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असं नाही. चड्डीसारख्यापेक्षा चिकटपट्टीचे बहुधा स्वस्त पडतात, आणि चार महिन्यांचं बाळ अजून लोळून पळत नाही तोवर पट्टीचे चालतात. साईज वयावर नाही, वजनावर. बाळाचं जन्माचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं, तेव्हा सेलमध्ये एकाच साईजची चार पाकिटं भरून ठेवू नकोस. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळांच्या डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. गावातल्या दुकानात जुन्या छापील किमतीचं पाकीट पडून असेल तर विचारायला लाजू नकोस. वाइप्स फक्त प्रवासात. घरी ओलं मऊ फडकं पुरतं आणि कातडीलाही तेच बरं.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र सासूबाईंकडे आहे, आणि तो त्यांनी तुला अजून सांगितला नसेल. पायावर धरणं. जमिनीवर पाय सरळ सोडून बसायचं, दोन पावलांच्या बेचक्यात बाळाला बसवायचं, पाठीला हात आणि तोंडाने शू… शू. चार महिन्यांच्या बाळाची मान सावरलेली असते. झोपेतून उठल्यावर लगेच आणि दूध पिऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी धरलं तर हमखास होतं, कारण पोटात दूध गेलं की आतडी हलायला लागतात. दिवसाचे दोन-तीन लंगोट असे वाचतात, त्यातले शीचे वाचतात हे महत्त्वाचं. रडलं, अंग ताठ केलं तर सोडून द्यायचं. हे शिकवणं नव्हे, नुसती वेळ साधणं आहे.

जांघेतल्या लालीबद्दल. नुसतं लाल असेल, वळीच्या आत गेलेलं नसेल, तर ते ओलाव्याचं. पैसे वाचवायला डायपर जड होईपर्यंत ठेवत असशील तर ती बचत मलमाच्या ट्यूबमध्ये जाते. रोज अर्धा-पाऊण तास खाली दुपटं टाकून बाळाला उघडं ठेव, झिंकचं मलम लाव, पावडर नको. ती वळीत गोळा होते आणि श्वासातही जाते. पण लाली वळीच्या खोलात गडद असेल, कडेला सुटे लाल ठिपके असतील आणि तीन दिवसांत हटत नसेल, तर ती बहुतेक बुरशी आहे. आपल्या दमट हवेत पावसाळ्यात ती फार दिसते. तिला वेगळं मलम लागतं, ते डॉक्टरांना दाखवूनच. शेजारणीच्या घरातलं उरलेलं खाजेचं मलम बाळाला लावू नकोस, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. पुळ्यांत पू दिसला किंवा ताप आला तर तीन दिवसही थांबायचं नाही.

वापरलेला डायपर व्हाळात टाकू नकोस आणि चुलीतही नाही. घनकचरा नियमांत तो वेगळा गुंडाळून द्यायचा कचरा आहे, पण आपल्या वाडीत घंटागाडी येत नाही हे मलाही माहीत आहे. शी संडासात झटकून, घट्ट गुंडाळून झाकणाच्या डब्यात साठव आणि आठवड्याने कोणी देवगडला जाईल त्याच्याबरोबर नगरपंचायतीच्या गाडीकडे पोचव. महिन्याला चाळीस असतील तर हे जमतं, दोनशे दहा असतील तर नाही.

आणि एक राहिलं. लंगोटांसाठी सासूबाई माळ्यावरची पेटी उघडतील तेव्हा आधी वास घे. पेटीत डांबरगोळ्या असतील तर त्या कपड्यांचा वाससुद्धा काही बाळांना बाधतो. ज्यांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाचं द्रव्य कमी असतं, त्यांच्या लाल पेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते. कमतरता आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच लागू धरायचं. ती साडी दोन-तीनदा धुऊन, कडक उन्हात वास पूर्ण जाईपर्यंत ठेव. वास राहिलाच तर ती फरशी पुसायला. मिरगाआधी अजून तीन आठवड्यांचं ऊन हातात आहे. साड्या आत्ताच काढ, आणि ते गळके डायपरही आजच धुवायला घे. रोज एकदा धुतलेस तर आठवड्याभरात पाणी प्यायला लागतील.